कसब आणि कागद

परवा संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसलो होतो. फाटकापाशी एक मोटारसायकल थांबली आणि पंचेचाळिशीचा एक गडी आत येऊन पाया पडला. चष्मा सारखा करून पाहिलं. चेहरा ओळखीचा, पण नाव काही आठवेना. मास्तरकीत हे नेहमीचंच. पोरं मोठी होतात, संसाराला लागतात, आपल्या डोक्यात मात्र ती दहावीच्या बाकावरच बसून राहतात. त्याने नाव सांगितलं आणि मला एकदम १९९६ चा निकाल आठवला. इंग्रजी आणि गणितात नापास. इतिहासात, म्हणजे माझ्या विषयात, काठावर पास.

त्याने पिशवीतून दोन वस्तू काढून माझ्यासमोर ठेवल्या. एक पासपोर्ट आणि एक लोखंडी पाइपचा तुकडा. दोन पाइप टोकाला टोक लावून जोडलेले, मध्ये वेल्डिंगची गोल कड. इतकी एकसारखी की बोट फिरवलं तर कुठे सुरुवात झाली ते कळू नये.

हा तुकडा म्हणजे त्याची परीक्षा होती. मला त्यातलं काही कळत नव्हतं, त्यानेच समजावलं. पाइप पंचेचाळीस अंशांच्या कोनात घट्ट बांधतात. तो फिरवायची परवानगी नाही. वेल्डरनेच खाली, वर, बाजूला वाकून, कधी डोक्यावर हात करून सगळीकडून जोड पुरा करायचा. मग त्या जोडाचा एक्स-रे काढतात, किंवा त्याच्या पट्ट्या कापून त्या वाकवून पाहतात. आत फुगा राहिला, चीर दिसली की नापास. याला 'सिक्स जी' म्हणतात आणि आखातातल्या तेलाच्या कामांवर याच परीक्षेला मान असतो. शिवाय सहा महिने त्या पद्धतीचं वेल्डिंग केलं नाही तर ही पात्रता संपते, पुन्हा हात दाखवावा लागतो. आमचा हा गडी ती परीक्षा तीनदा पास झालाय. शाळेत एकदाही पास न झालेला मुलगा!

आता अडचण अशी. २००९ साली तो पहिल्यांदा आखातात गेला, तेव्हा कागदावर 'हेल्पर' म्हणून गेला. काम मात्र वेल्डिंगचंच करून घेतलं. पगार हेल्परचा. तीन वर्षं तशीच काढली, मग परत येऊन नाशिकला सातपूरच्या कारखान्यांत कामं केली. आता दुसऱ्या एका ठिकाणाहून बोलावणं आलंय, वेल्डिंग सुपरवायझर म्हणून. पण त्या जागेसाठी दहावीचं प्रमाणपत्र हवं. पासपोर्टवरही 'ईसीआर'चा शेरा आहे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे दहावी पास नसलेल्या माणसाला आखाती आणि इतर काही देशांत नोकरीला जाताना सरकारी परवानगी घ्यावी लागते, त्याची ती खूण. हेतू चांगला आहे, अडाणी माणसाला एजंटाने फसवू नये म्हणून. पण पंचवीस वर्षं काम केलेला कारागीर आणि काल घराबाहेर पडलेला पोरगा यांच्यात तो शिक्का फरक करत नाही.

"आते काय करानं, सर?" त्याने विचारलं.

त्याला काय सांगितलं ते शेवटी लिहितो. पण त्या रात्री झोप लागली नाही. १९९६ च्या निकालानंतर मी त्याच्या वडिलांना शाळेच्या व्हरांड्यात म्हणालो होतो, "शाळा याच्यासाठी नाही. हाताला काहीतरी काम बघा." मी ते सहज बोललो होतो, पण हाताचं काम म्हणजे नापासाची शिक्षा, असाच त्याचा अर्थ होता. त्या रात्री वाटलं, माणसाला काय येतं हे ठरवायचं कुणी? आणि ते दुसऱ्या गावाने, दुसऱ्या देशाने मानायचं कशावर? इतिहासाचा मास्तर असल्याने मी मागे जाऊन शोधू लागलो. जे सापडलं ते मांडतो.

जुन्या काळी हा प्रश्न गाव सोडवायचं. सुताराचा औत नीट चालतो की नाही हे शेतकऱ्याला कळे, लोहाराच्या फाळाची धार एका पेरणीत कळे. प्रमाणपत्र म्हणजे बलुतं. आमच्या कसमादे भागात (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा यांची आद्याक्षरं) आणि पलीकडे धुळ्याकडे मोसम, गिरणा, पांझरा या नद्यांवर 'फड' पद्धतीचं पाणीवाटप होतं. नदीवर बंधारा, त्यातून पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. पाणी कुणाला किती वेळ द्यायचं, कुठलं बारं कधी उघडायचं हे पाटकरी बघे. त्याला ना घड्याळ, ना मोजपट्टी. पाटातल्या पाण्याचा वेग नजरेने ओळखून तो शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचवायचा. त्याची परीक्षा रोज होई आणि परीक्षक सगळे फडकरी. पुढे सरकारी कालवे आले, तिथे पाणी मोजायला लेखी परीक्षा दिलेला माणूस लागू लागला. पाटकऱ्याचं ज्ञान पाण्याचंच होतं, पण ते एका पाटावरून दुसऱ्या पाटावर नेता येईना.

हे वाचून कुणी म्हणेल, किती छान होतं जुनं गाव! थांबा. गाव कसब ओळखत होतं हे खरं, पण कुणाचं ओळखायचं ते जन्मावर ठरवत होतं. सुताराच्या पोराला रंधा हातात घ्यायची मुभा, पण मांगाच्या पोराने कितीही सुबक लाकूडकाम केलं तरी त्याला कुणी सुतार म्हटलं नसतं. म्हणून कागद आला तेव्हा अनेकांना तो सुटकेचा कागद वाटला. आणि तो तसा होताही.

आमच्या पेशातलंच बघा. सावित्रीबाई फुले नुसत्या उत्साहाने शिकवायला उभ्या राहिल्या नाहीत. त्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं होतं. अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात नॉर्मल स्कूलमध्ये. जन्माने ज्याला शिकायचाच अधिकार नाही असं समाज म्हणत होता, त्या बाईने शिकवण्याची पात्रता रीतसर मिळवली. पुढे व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा आली. सातवी पास, म्हणजे 'फायनल पास'. शेतकऱ्याचा पोरगा फायनल पास झाला की मास्तर होऊ शकत होता. आमच्या आधीच्या पिढीतले कितीतरी गुरुजी असे घडले. त्यांना जातीने नाही, त्या एका कागदाने खुर्ची दिली.

पण कागद मिळाला म्हणजे तो सगळीकडे चालतो, असं नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सैन्यात होते. सैन्याच्याच नॉर्मल स्कूलमध्ये शिकून ते शिक्षक झाले, चौदा वर्षं लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते, सुभेदार झाले. म्हणजे लष्कराने त्यांची विद्या मानली होती. पण त्याच मुख्याध्यापकाचा मुलगा साताऱ्याच्या शाळेत गेला तेव्हा त्याला वर्गात वेगळं बसावं लागे, घरून आणलेल्या गोणपाटावर. लष्करातली लायकी छावणीच्या फाटकाबाहेर आली की तिची किंमत शून्य.

आणि बडोद्याचा प्रसंग तर मी दरवर्षी वर्गात सांगायचो. १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१५ मध्ये एम.ए. झाले, मग लंडनला गेले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. अमेरिकेतल्या विद्यापीठाने ज्याला विद्वान मानलं, त्याला बडोद्यात राहायला खोली मिळेना. एका पारशी खानावळीत नाव लपवून राहावं लागलं आणि ते कळताच काठ्या घेऊन माणसं दारात उभी राहिली. कचेरीतले शिपाई विटाळ होऊ नये म्हणून कागद लांबून टाकत. थोड्याच दिवसांत त्यांना बडोदा सोडावं लागलं. सातासमुद्रापलीकडची पदवी मुंबईच्या बंदरात उतरली, पण बडोद्याच्या उंबरठ्यावर अडली. सरहद्द फक्त देशांमध्ये असते असं आपण समजतो. ही सरहद्द नकाशावर नव्हती.

आता दुसरी बाजू. सरकारने कुशल आणि अकुशल असे दोन ढीग कसे केले?

मुदतबंद मजुरीची म्हणजे गिरमिटाची पद्धत बंद झाल्यावर १९२२ साली परदेशी जाणाऱ्या मजुरांसाठी नवा कायदा झाला. त्यात कुशल काम कुठलं याची यादी दिली होती. कारागीर, कारकून, दुकानातला नोकर, उपाहारगृहातला नोकर, घरकाम करणारा, खेळ-तमाशातला माणूस, असे सगळे त्यात होते. आणि अकुशल कामाची व्याख्या करताना म्हटलं होतं की त्यात शेतीकामाचा समावेश होतो. हे वाचल्यावर मी पुस्तक बाजूला ठेवून थोडा वेळ नुसताच बसलो. शेती अकुशल! माझ्या बापाने आयुष्यभर जे केलं ते अकुशल. कुठली जमीन कधी वाफशावर येते, कांद्याचं रोप कधी उपटायचं, कुठला बैल कुठल्या औताला जुंपायचा, ही अक्कल कुठल्याच खात्यात जमा नाही. त्या कायद्यामागचा हेतूही मजुरांच्या संरक्षणाचाच होता, हे मान्य. पण शब्द एकदा कायद्यात शिरला की मनातही शिरतो.

१९७२ च्या दुष्काळात मी नुकताच नोकरीच्या वयात आलो होतो. आमच्या भागातली निम्मी माणसं खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या मातीकामावर. त्यात विहिरी बांधणारे गवंडी होते, पाथरवट होते, विणकर होते, बागायतदारही होते. हजेरीपटावर सगळे एकच, मजूर. पुढे १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. देशाला दिशा देणारा कायदा, त्याबद्दल मला अभिमानच आहे. त्यातही शब्द तेच, अकुशल अंगमेहनतीचं काम. भुकेच्या वेळी कसब कुणी विचारत नाही, हे समजू शकतो. पण दुष्काळ सरल्यावरही कुणी विचारलं नाही.

आजही बघा. सुरगाणा, पेठ, कळवणच्या डोंगरातली आदिवासी कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर आणि आमच्या कसमादेच्या 'अर्ली' द्राक्षांवर कामाला येतात. छाटणी करताना काडी हातात धरून कितव्या डोळ्यावर कात्री लावायची हे ती बाई क्षणात ठरवते. एक डोळा चुकला तर घड जातो, मालकाचं वर्षाचं पीक जातं. घडांची विरळणी, औषधात घड बुडवणं, सगळं तिच्या बोटांवर. तिने छाटलेल्या वेलीचं द्राक्ष युरोपात जातं, तिथल्या कडक तपासण्या पास होतं. द्राक्षाला प्रमाणपत्र असतं. छाटणाऱ्या बाईला नसतं. कागदोपत्री ती शेतमजूर, म्हणजे पुन्हा त्या १९२२ च्या ढिगात.

कुणाला वाटेल, हे सगळं गरिबांचंच दुखणं. तसं नाही. डॉक्टरांनाही हे भोगावं लागलंय. आपल्या मुंबई इलाख्यात १९१२ साली वैद्यक व्यवसायाच्या नोंदणीचा कायदा झाला. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेले त्या नोंदवहीत, वैद्य-हकीम बाहेर. गावोगाव लोकांना औषध देणारे तर तेच होते! १९३८ साली वेगळा कायदा करून वैद्य-हकिमांच्या नोंदणीची सोय झाली. त्यात विशेष असं की ज्यांच्याकडे पदवी नव्हती पण जे आधीपासून व्यवसाय करत होते त्यांच्यासाठीही जागा ठेवली होती. अनुभवाची दखल घेण्याची कल्पना आज नवी म्हणून सांगतात, पण आपल्याकडे ती तेव्हाच कायद्यात आली होती.

आणि जे एम.बी.बी.एस. डॉक्टर वैद्यांकडे नाक मुरडत होते त्यांच्यावरही वेळ आली. १९३० मध्ये ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने भारतीय वैद्यकीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. प्रसूतिशास्त्राचं शिक्षण पुरेसं नाही असं कारण दिलं. आपल्याकडे खळबळ उडाली आणि त्यातूनच १९३३ चा भारतीय वैद्यक परिषदेचा कायदा झाला. आपल्या पदव्यांचा दर्जा आपणच राखायचा, मग दुसऱ्याशी बरोबरीने बोलायचं, हा धडा. मान्यता परत मिळाली, पण १९७५ साली पुन्हा गेली आणि तिकडे जाणाऱ्या डॉक्टरांना 'प्लॅब' नावाची परीक्षा द्यावी लागू लागली. मौज म्हणजे तोवर ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यांत भारतीय डॉक्टर वर्षानुवर्षं काम करतच होते. रोग्याला चालणारा डॉक्टर कागदाला चालेनासा झाला. वर्ग वेगळा, दुखणं तेच.

मग हे कुठे नीट जमलंय का? मला तरी एकच चांगलं उदाहरण दिसतं, ते समुद्रावरचं. कोकणातले, विशेषतः रत्नागिरीकडचे खलाशी पिढ्यान्पिढ्या मुंबई बंदरातून जहाजांवर जात आले. इंग्रजांच्या काळात त्यांना 'लस्कर' म्हणत आणि त्याच जहाजावर तेच काम करणाऱ्या गोऱ्या खलाशापेक्षा त्यांना पगार कितीतरी कमी, जागाही कमी. अधिकारी होण्याचं तर नावच नको. १९२७ साली मुंबईत 'डफरिन' हे प्रशिक्षण जहाज सुरू झालं, तेव्हा कुठे भारतीय मुलांना जहाजाचा अधिकारी व्हायची वाट मिळाली. पुढे १९७८ मध्ये खलाशांच्या प्रशिक्षणाचा आणि प्रमाणपत्रांचा आंतरराष्ट्रीय करार झाला, तो १९८४ पासून लागू झाला. जहाजावरच्या प्रत्येक कामाला किमान काय यायला हवं ते सगळ्या देशांनी मिळून ठरवलं. १९९५ साली तो आणखी कडक केला. नुसते वर्ग किती तास केले हे न बघता काम प्रत्यक्ष करता येतं का ते तपासायचं, असं ठरलं. आज भारतात प्रमाणपत्र घेतलेला माणूस दुसऱ्या देशाच्या झेंड्याखालचं जहाज चालवतो.

हे समुद्रावर जमलं, जमिनीवर का नाही? मला वाटतं, बुडती बोट झेंडा बघत नाही. एकाच्या चुकीने सगळे बुडणार म्हटल्यावर सगळ्यांना मिळून परीक्षा ठरवावी लागली. जमिनीवर आपण एकमेकांच्या पात्रतेवर अविश्वास दाखवू शकतो, कारण त्याची किंमत आपल्याला मोजावी लागत नाही. ती त्या मजुराला मोजावी लागते.

आपल्या देशात काहीच झालं नाही असं मात्र मी म्हणणार नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर घरी परतलेल्या सैनिकांना कामधंद्याला लावण्यासाठी जी यंत्रणा उभी राहिली, तिच्यातूनच पुढे १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना आणि आपल्या ओळखीच्या आय.टी.आय. आल्या. आमच्या जिल्ह्यात ओझरला १९६४ मध्ये मिग विमानांचा कारखाना आला. रशियन आराखड्यावरचं विमान आणि ते जोडणाऱ्या हातांत आसपासच्या शेतकऱ्यांची पोरंही. आय.टी.आय.च्या कागदाने त्यांना नांगरावरून थेट विमानापर्यंत नेलं. माजी सैनिकांबाबत केंद्र सरकारचा एक नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. मॅट्रिक झालेल्या आणि पंधरा वर्षं सेवा केलेल्या सैनिकाला ठरावीक सरकारी जागांसाठी पदवीधरासारखं पात्र धरतात. पंधरा वर्षं सीमेवर काढलेला माणूस काहीतरी शिकला असणार, एवढा विश्वास सरकार दाखवतं. मग पंधरा वर्षं भट्टीपुढे काढलेल्याबद्दल का नाही?

२०१३ च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा जाहीर केला. शाळा-कॉलेजातलं शिक्षण आणि कामावर शिकलेलं कसब एकाच शिडीच्या पायऱ्यांवर बसवायचा तो प्रयत्न. २०१५ पासून कौशल्य विकास योजनेतून आर.पी.एल. आलं. म्हणजे काम करता करता जे शिकलात त्याची चाचणी घेऊन प्रमाणपत्र. कल्पना सोन्यासारखी. पण थोड्या तासांची तोंडओळख आणि घाईची चाचणी यांतून मिळालेल्या कागदावर मालक विश्वास ठेवील का? कागदाची पत तो देणाऱ्याच्या कडकपणावर असते. 'सिक्स जी'ला मान आहे तो एक्स-रे खोटं बोलत नाही म्हणून.

२०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, चालक अशा कितीतरी कामांसाठी. आमच्याकडची पोरं जर्मन शिकायचं म्हणू लागली. जर्मनीत २०१२ पासून असा कायदा आहे की परदेशातली पात्रता तिथल्या पात्रतेशी ताडून पाहण्याचा अर्ज कुणालाही करता येतो. काय कमी आहे तेही ते लिहून देतात आणि ते भरून काढता येतं. मार्च २०२४ पासून काही धंद्यांत आणखी सूट आहे. आपल्या देशात मान्य असलेलं निदान दोन वर्षांचं प्रशिक्षण आणि दोन वर्षांचा अनुभव असला, पगार ठरावीक मर्यादेवर असला, की तिथली मान्यता नसतानाही काम मिळू शकतं. चांगलं आहे. पण नीट वाचा. 'आपल्या देशात मान्य असलेलं'. म्हणजे प्रश्न जर्मनीच्या दारात नाही, आपल्या दारात आहे. आपणच ज्याला ओळखलं नाही, त्याला परका कसा ओळखणार?

हे सगळं मी कारागिरांबद्दल लिहितोय, तेवढ्यात १ सप्टेंबर २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आठवतो. नोकरीत असलेल्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ असलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टी.ई.टी. पास व्हायला हवं. त्यानंतर माझे काही माजी सहकारी, वीस-पंचवीस वर्षं शिकवलेले, माझ्याकडे येऊन चिडून बोलत होते. "आमचा अनुभव काही नाही का?" मी त्यांच्या बाजूने मान हलवली. पण मनात आलं, हेच आपण आयुष्यभर पोरांना ऐकवत आलो. तीन तासांत कागदावर काय लिहिलंस ते दाखव, बाकी काही ऐकायचं नाही. आज तो कागद आपल्यापुढे आला तेव्हा आपल्याला अनुभव आठवला. मात्र लेकरू माझं असतं तर त्याचा मास्तर तपासलेला असावा असंच मीही म्हटलं असतं. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकदम सांभाळणं अवघड आहे.

म्हणून कागद नकोच, असं मी म्हणणार नाही. कागद गेला तर पुन्हा जात येईल, वशिला येईल, 'आपला माणूस' येईल. माझं म्हणणं एवढंच की कागद हाताच्या मागून यावा. आधी काम करवून पाहा, कडक तपासा, नि मग न कचरता लिहून द्या. आणि एकदा लिहून दिलं की ते दुसऱ्या खात्याने, दुसऱ्या राज्याने, दुसऱ्या देशाने मानावं यासाठी आपल्या सरकारने त्या माणसाच्या मागे उभं राहावं. १९३३ साली डॉक्टरांच्या मागे उभे राहिलो. वेल्डरच्या मागे कधी?

तर, त्या गड्याला काय सांगितलं? मी म्हणालो, वाद आपण नंतर घालू, आधी दहावी पास हो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून मोठ्या वयात परीक्षा देता येते. नाशिकला आपलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून मोठ्या माणसांना शिकवतंच आहे, पुढची वाटही बंद नाही. तो हसला. "या वयात सर? पोरगी अकरावीला हे मनी." मी म्हटलं, मग तिची वही मागून घे.

फॉर्म भरून झालाय. दर रविवारी दुपारी तो येतो. गणित माझ्या आवाक्याबाहेरचं, ते त्याची मुलगी शिकवते. इंग्रजी मी घेतो. पहिल्याच दिवशी कळलं की ड्रॉइंगवरचे इंग्रजी शब्द, मापं, सूचना तो घडाघडा वाचतो. अडतो तो फक्त धड्यातल्या गोष्टीवर. पाइपचा कोन, घेर, उतार हे तो मनातल्या मनात काढतो, त्याला भूमिती म्हणतात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे मी. मी सांगितलं नव्हतं. गणित माझा विषय नव्हता ही सबब आहे, पण १९९६ साली व्हरांड्यात ते वाक्य बोललो तो मीच होतो.

गेल्या रविवारी मी ते वाक्य त्याला आठवतंय का म्हणून विचारलं. तो म्हणाला, आठवतं. मग वही उघडून बसला. मी पुढचा धडा काढला.

असो. परीक्षेला अजून वेळ आहे.